पित्ताच्या नळीतील जन्मजात गाठ : दुखणे थांबले म्हणून धोका टळत नाही

सोनोग्राफीच्या कागदावर 'पोटात सिस्ट' असे लिहून आले की घरात दोन तट पडतात. एक जण म्हणतो, "कॅन्सरच असणार, आता काय उरले!" दुसरा म्हणतो, "पाण्याची गाठ आहे, जिरून जाईल. उगाच कापाकापी कशाला?" बहुतेक वेळा दोघेही चुकलेले असतात.

पोटातल्या बहुतांश पाण्याच्या गाठी कॅन्सरच्या नसतात. वय वाढते तशा मूत्रपिंडावर, यकृतावर साध्या पाण्याच्या गाठी अनेकांना येतात. बहुतेकांना त्यांचा काही त्रास नसतो आणि त्यांना ऑपरेशनही लागत नाही. मात्र काही थोड्या गाठी निराळ्या असतात. त्या आईच्या पोटातच तयार झालेल्या असतात. जन्मताना त्यात कॅन्सर नसतो. पण त्या तशाच शरीरात राहिल्या तर काही वर्षांनी त्यांच्या आतल्या अस्तरात कॅन्सर उगवू शकतो. बेंबीपासून मूत्राशयाकडे जाणाऱ्या गर्भातल्या नळीचा अवशेष राहिला तर तिथे अशी गाठ होते. क्वचित माकडहाडाच्या पुढे, गुदाशयाच्या मागे होते. मात्र डॉक्टरांना सर्वांत जास्त माहिती आहे ती पित्ताच्या नळीतील गाठीची. डॉक्टर तिला 'कोलेडोकल सिस्ट' म्हणतात. आजचा लेख तिच्याविषयी आहे, कारण ही गाठ वेळेवर ओळखली आणि पूर्ण काढली तर पुढचा कॅन्सर बहुतेकांच्या बाबतीत टाळता येतो.

ही गाठ म्हणजे नेमके काय?

आपल्या उजव्या बरगडीखाली यकृत म्हणजे लिव्हर असते. ते दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. तेलतूप पचवायला हे पित्त लागते. यकृतातून निघालेले पित्त एका नळीने लहान आतड्यात उतरते. तीच पित्ताची नळी. वाटेत तिला पित्ताची पिशवी जोडलेली असते. खाली आतड्याजवळ स्वादुपिंडाची, म्हणजे पॅन्क्रियाची नळीही येऊन मिळते. मोठ्या माणसाची मुख्य पित्तनळी साधारण सहा-सात मिलिमीटर रुंद असते. वय वाढले किंवा पित्ताची पिशवी काढलेली असली तर ती थोडी अधिक रुंद दिसते.

काही मुलांमध्ये ही नळी जन्मापासूनच फुगलेली असते. कधी ती मधोमध चेंडूसारखी फुगते, कधी लांबट भोपळ्यासारखी. म्हणजे ही वेगळी उगवलेली गाठ नव्हे, नळीच फुगून पिशवी झालेली असते. म्हणूनच औषधाने ती जिरत नाही आणि सुई घालून पाणी काढल्याने संपत नाही.

१९७७ साली जपानचे डॉक्टर तोदानी यांनी या गाठींचे पाच प्रकार ठरवले. आजही डॉक्टर तेच वापरतात. पहिल्या प्रकारात यकृताबाहेरची मुख्य नळी फुगते. सर्वांत जास्त रुग्ण याच प्रकाराचे असतात. दुसऱ्यात नळीच्या बाजूला एक पिशवी लोंबते. तिसऱ्यात नळीचे आतड्यातले टोक फुगते. चौथ्यात एकापेक्षा जास्त ठिकाणी फुगवटे असतात, बरेचदा यकृताच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे. पाचव्यात फक्त यकृताच्या आतल्या नळ्या फुगतात. कॅन्सरचा धोका पहिल्या आणि चौथ्या प्रकारात जास्त असतो. म्हणून रिपोर्टमध्ये प्रकार कोणता लिहिला आहे, हे विचारून घ्यावे.

कोणाला होते?

आजार दुर्मीळ आहे. युरोप-अमेरिकेत एक ते दीड लाख जन्मांमागे एखादे मूल असे निघते. आशियात प्रमाण बरेच जास्त आहे. जपानमधल्या काही नोंदींत ते हजारात एकापर्यंत गेलेले आहे. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये हा आजार तीन-चार पट अधिक दिसतो. या आजाराचे पहिले नीट वर्णन १८५२ साली डॉ. डग्लस यांनी लिहिले, तेही सतरा वर्षांच्या एका मुलीचे होते. तिला कावीळ, ताप आणि पोटात दुखरी गाठ होती.

यात घराला काळजी घेण्यासारखी एक बाब आहे. मुलीच्या पोटात दुखले की "पाळीचे असेल", "शाळा चुकवायची असेल", "नीट जेवत नाही म्हणून" अशी कारणे आपण पटकन काढतो. मुलाला दवाखान्यात नेतो, मुलीला ओव्याचे पाणी देतो. जो आजार मुलींना जास्त होतो, त्यात ही सवय महागात पडते.

दुसरी बाब आईला दोष देण्याची. गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात काय कापले, दृष्ट लागली का, याचा या गाठीशी काही संबंध नाही. गर्भात अवयव तयार होताना नळ्यांची जुळणी वेगळी झाली, एवढेच. हा आजार संसर्गाने पसरत नाही. बहुतेक घरांत तो एकालाच झालेला दिसतो. तो दारूमुळेही होत नाही. कधीही दारू न प्यायलेल्या बाईला लिव्हरचा आजार निघाला म्हणून तिच्याकडे संशयाने पाहू नये.

कॅन्सर का होतो?

हे समजायला वस्तीतल्या गटाराचे उदाहरण पुरे. दोन घरांचे पाइप एका चेंबरमध्ये येतात. चेंबर नीट बांधलेले असेल तर दोघांचे पाणी पुढे जाते. जोड चुकीच्या जागी दिला तर एकाचे पाणी दुसऱ्याच्या घरात शिरते.

आपल्या शरीरात पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्याच्या भिंतीत एकत्र येतात. तिथे स्नायूंचे एक कडे असते. ते व्हॉल्व्हसारखे काम करते आणि एका नळीतला रस दुसरीत जाऊ देत नाही. ही गाठ असलेल्या अनेकांमध्ये दोन्ही नळ्या त्या कड्याच्या बऱ्याच आधीच जुळलेल्या असतात. मग कड्याचा ताबा राहत नाही. स्वादुपिंडाच्या रसाचा दाब जास्त असल्याने तो पित्ताच्या नळीत उलटा चढतो. हा रस अन्न पचवणारा आहे. तो नळीच्या नाजूक अस्तराला सतत चावत राहतो. १९६९ साली डॉ. बॅबिट यांनी हे कारण मांडले आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते आज मान्य आहे.

अस्तराला जखम होते, शरीर ती भरते, पुन्हा जखम होते. त्यात फुगलेल्या नळीत पित्त साचून राहते, त्याला जंतुसंसर्ग होतो, खडे तयार होतात. हे चक्र वर्षानुवर्षे चालले की भरून येणाऱ्या पेशींपैकी काही बिघडतात. त्यातून पुढे कॅन्सर होतो. तो बहुधा फुगलेल्या नळीत होतो, कधी पित्ताच्या पिशवीत होतो. अशा गाठीत कॅन्सर सापडल्याचे आयर्विन आणि मॉरिसन या डॉक्टरांनी १९४४ साली लिहून ठेवले. त्यानंतर जगभरातून अशा नोंदी आल्या.

यात वेळेला फार महत्त्व आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयानुसार आकडे दिले आहेत. पहिल्या दहा वर्षांत गाठ सापडलेल्या मुलांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी जणांत कॅन्सर होता. अकरा ते वीस या वयात ते प्रमाण शंभरात सुमारे ७ झाले. विशीनंतर ते शंभरात १४ च्या पुढे गेले. याचा दुसरा अर्थही नीट ध्यानात घ्या. गाठ सापडलेल्या मोठ्या माणसांपैकीही बहुतेकांना कॅन्सर झालेला नसतो. म्हणून गाठ सापडली की हातपाय गाळू नका. मात्र "पुढच्या दिवाळीनंतर बघू" असेही करू नका.

लक्षणे : येतात, जातात, पुन्हा येतात

पुस्तकात या आजाराची तीन लक्षणे सांगतात : पोटदुखी, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली हाताला लागणारी गाठ. ही तिन्ही एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात, तीही बहुधा लहान मुलांत. मोठ्यांमध्ये वरच्या पोटात, उजवीकडे दुखते. जेवल्यावर जड वाटते, उलटी होते, मधूनच थंडी वाजून ताप येतो. काहींना स्वादुपिंडाला सूज येऊन असह्य कळा येतात आणि त्या पाठीपर्यंत जातात. काही स्त्रियांमध्ये ही गाठ पहिल्यांदा बाळंतपणाच्या सोनोग्राफीत सापडते.

या आजाराची फसवी गोष्ट म्हणजे त्रास आपोआप थांबतो. नळीत गाळ किंवा खडा अडकला की दुखते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. तो गाळ पुढे सरकला की पित्त वाहू लागते आणि कावीळ उतरते. माणूस म्हणतो, बरे झाले. पण नळी फुगलेलीच असते आणि आत अस्तराचे झिजणे चालूच असते.

नेमक्या याच काळात आपल्याकडे कावीळ उतरवणाऱ्याकडे जायची पद्धत आहे. तो गळ्यात माळ घालतो. माळ वाढली की कावीळ उतरली, असे सांगतो. काड्या सुकतात आणि दोऱ्याचे वेढे सैल होतात म्हणून माळ लांब होते. ती निरोगी माणसाच्या गळ्यातही लांब होईल. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळे झाले की "कावीळ निघाली" म्हणतो. हाताला आधी चोळलेल्या झाडपाल्याच्या रसाचा आणि चुन्याचा मिळून तो रंग होतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत शरीरच बरी करते आणि श्रेय माळेला जाते. पण पित्ताची नळी फुगलेली असेल तर माळेत गेलेले ते महिने, कधी वर्षे, आजाराला मिळतात.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. कावीळ दुसऱ्यांदा झाली, काविळीबरोबर थंडीताप आला, शौचाचा रंग पांढुरका मातीसारखा झाला, किंवा मुलाचे पोट त्याच जागी वारंवार दुखते, तर सोनोग्राफी झालीच पाहिजे. थंडीताप, कावीळ आणि पोटदुखी एकदम आली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. नवजात बाळाची कावीळ दोन आठवड्यांपुढे टिकली आणि शौच पांढरट होत असेल तर एक दिवसही थांबू नका. त्यामागे ही गाठ असू शकते किंवा नळीच बंद असण्याचा दुसरा आजार असू शकतो. त्या दुसऱ्या आजारात ऑपरेशन बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी झाले तर जास्त उपयोग होतो.

तपासणी कोणती?

सुरुवात साध्या सोनोग्राफीने होते. ती सरकारी रुग्णालयात होते आणि तिला कापाकापी नाही. सोबत रक्तात काविळीचे प्रमाण, लिव्हरच्या चाचण्या आणि स्वादुपिंडाची चाचणी करतात. रिपोर्टमध्ये 'सीबीडी' हा शब्द शोधा. ती मुख्य पित्तनळी. तिच्यापुढे तिची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. "ही रुंदी वयाच्या मानाने बरोबर आहे का?" एवढा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

नळी रुंद दिसली म्हणजे जन्मजात गाठच आहे असे नाही. खडा अडकल्यानेही ती रुंद होते. ते ठरवायला एमआरसीपी नावाची तपासणी लागते. ती एमआरआयच्या मशीनवर होते. तिच्यात सर्व नळ्यांचा नकाशा दिसतो आणि दोन्ही नळ्या कुठे जुळतात तेही बरेचदा कळते. मोठ्या माणसात कॅन्सरचा संशय असेल तर सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी करतात.

एक चूक टाळण्यासारखी आहे. पित्ताच्या पिशवीत खडे दिसले की पिशवी काढून टाकली जाते. नळीही फुगलेली आहे, हे कधी निसटते. पिशवी काढल्यावरही तेच दुखणे, तीच कावीळ परत येत असेल तर नळीची पुन्हा तपासणी करून घ्या.

उपचार : निचरा पुरेसा नाही, गाठ पूर्ण निघाली पाहिजे

पूर्वीच्या काळी सर्जन ही फुगलेली नळी काढत नसत. तिला छेद देऊन ती सरळ आतड्याला जोडत. पित्ताला वाट मिळाली की कावीळ जाई आणि मूल घरी जाई. ऑपरेशन सोपे होते. पण खराब अस्तर आतच राही. पुढे अनेक वर्षांनी अशा रुग्णांत कॅन्सर दिसू लागला आणि डॉक्टरांनी ती पद्धत सोडून दिली.

आज पहिल्या आणि चौथ्या प्रकारात यकृताबाहेरची फुगलेली नळी पित्ताच्या पिशवीसह पूर्ण काढतात. मग लहान आतड्याचा एक पदर वर आणून यकृतातून येणाऱ्या नळीला शिवतात. त्यामुळे स्वादुपिंडाचा रस आणि पित्त यांचे रस्ते वेगळे होतात. हे ऑपरेशन पोट उघडून होते, काही केंद्रांत दुर्बिणीतूनही होते. दुसऱ्या प्रकारात लोंबणारी पिशवी काढणे बहुधा पुरते. तिसऱ्या प्रकारात अनेकदा दुर्बिणीतून छेद देऊन भागते. पाचव्या प्रकारात यकृताचा खराब भाग काढावा लागतो आणि दोन्ही बाजू बिघडल्या असतील तर यकृत बदलण्याचा विचार करतात.

कॅन्सर होण्याआधी गाठ काढली तर मूल शाळेत जाते, खेळते, पुढे लग्न-संसार करते. पोटावरचा व्रण लपवण्यासारखा नाही. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणारे आईवडील तिच्या आयुष्याचाच जुगार खेळतात.

कॅन्सर झाल्यावर मात्र चित्र बदलते. पित्तनळीचा कॅन्सर उशिरापर्यंत गुपचूप वाढतो. न दुखणारी वाढती कावीळ, अंगाला खाज, वजन घटणे, भूक मरणे ही लक्षणे दिसेपर्यंत अनेकदा तो पसरलेला असतो. तेव्हा ऑपरेशन मोठे होते आणि कित्येकांच्या बाबतीत ते करणेही शक्य नसते. हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. आधीच्या ऑपरेशनची किंमत कळावी म्हणून सांगतो.

ऑपरेशननंतरही नाते संपत नाही

गाठ काढल्यावर कॅन्सरचा धोका पुष्कळ कमी होतो, पण शून्य होत नाही. यकृताच्या आतल्या नळ्या किंवा खाली स्वादुपिंडात राहिलेला नळीचा तुकडा इथे तो थोडा उरतो. शिवाय आतड्याशी केलेला जोड काही वर्षांनी अरुंद होऊ शकतो. मग पुन्हा थंडीताप, कावीळ, खडे. म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने रक्त तपासणी आणि सोनोग्राफी जन्मभर करायची. त्रास नसला तरी करायची.

आणखी एक काम आजच करा. घरात कुणाचे लहानपणी पित्ताच्या नळीचे ऑपरेशन झाले असेल तर जुने कागद शोधा. "गाठ काढली की फक्त आतड्याला जोडली?" हे त्यावरून कळेल. कागद सापडले नाहीत तर सर्जनला व्रण दाखवा, हकिकत सांगा आणि एमआरसीपीविषयी विचारा. गाठ आतच असेल तर ती आताही काढता येते.

खर्च आणि वाट

पैशामुळे थांबू नका. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि जन्मजात व्यंगे शोधणे हे त्याचे एक मुख्य काम आहे. मुलाच्या पोटदुखीची, काविळीची हकिकत पथकाला स्वतःहून सांगा. अंगणवाडीताई किंवा आशाताईला आधी कळवून ठेवा.

मोठ्या ऑपरेशनसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालशल्यचिकित्सा किंवा शल्यचिकित्सा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन भरती होण्याआधीच त्यांना विचारा : हे ऑपरेशन योजनेत बसते का, या रुग्णालयात होते का, नाहीतर कुठे होते? कॅन्सरचा संशय असेल तर मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय येथे तपासणी व उपचार होतात.

डॉक्टरांसमोर बसल्यावर घाबरून प्रश्न विसरतात. म्हणून हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या :

१. गाठ पित्ताच्या नळीची आहे का? प्रकार कोणता?
२. आत खडा, जंतुसंसर्ग किंवा कॅन्सरचा संशय आहे का?
३. ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण निघणार की काही भाग राहणार?
४. काढलेला भाग तपासणीला, म्हणजे बायोप्सीला पाठवणार ना? रिपोर्ट कधी मिळेल?
५. पुढे किती दिवसांनी, कोणती तपासणी?

हे प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. सोनोग्राफी, एमआरसीपी, ऑपरेशनचा कागद आणि बायोप्सीचा रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत, पाणी लागणार नाही अशा जागी जपून ठेवा. मुलगी लग्न होऊन सासरी गेली तर ती फाइल तिच्याबरोबर गेली पाहिजे, कारण वीस वर्षांनी तिला तपासणाऱ्या डॉक्टरला तिच्या पोटात काय झाले होते, हे त्या कागदांवरूनच कळणार आहे.